लँडक्रूझर मजबूत आहे, पण आतल्या माणसाचं काय?

(रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे, मधली थट्टामस्करी तेवढी काढली आहे. शेवटी दोन-तीन जणांनी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरंही घातली आहेत.)

दर वेळी आपण पगार, ओव्हरटाइम, सुपर यावर बोलतो. आज गाडीवर बोलायचंय. आपल्यातले निम्मे लोक रोज पहाटे ज्या गाडीत बसून साइटवर जातात, त्या गाडीवर. पांढरी, उंच, मागे ट्रे, पुढे बुलबार, टपावर पिवळा दिवा. खाणीत काम असो, रस्त्याचं असो, पाइपलाइनचं असो, शेतावरचं असो, इथे शहर सोडलं की ही गाडी दिसतेच. लँडक्रूझर सत्तर सीरीज. यूटला सेव्हन्टी-नाइन म्हणतात, स्टेशन वॅगनला सेव्हन्टी-सिक्स आणि लांबड्या सेव्हन्टी-एटला ट्रूपी.

या गाडीबद्दल आपल्या पोरांचं एक वाक्य ठरलेलं आहे. "लोखंड आहे दादा, हिला काय होतंय!" नवीन आलेला पोरगा तर पहिल्याच दिवशी गाडीसमोर उभा राहून फोटो काढून गावाकडे पाठवतो. पाठवावा, त्यात वाईट काही नाही. पण हिला काय होतंय हा प्रश्नच चुकीचा आहे. गाडीला काही होत नसेल, तर तो धक्का जातो कुठे? आतल्या माणसाकडे जातो. नव्या गाड्यांचा पुढचा भाग मुद्दाम असा बनवतात की तो चुरगळावा, धक्का खाऊन घ्यावा आणि माणूस बसतो तो भाग शाबूत राहावा. आपण ज्याला "पत्रा पातळ आहे" म्हणून हसतो, त्यामागे बऱ्याचदा हेच गणित असतं. सत्तर सीरीजचा मूळ आराखडा 1984 चा आहे. शिडीसारखी चासी आणि त्यावर ठेवलेली बॉडी. खड्ड्यातून, दगडातून, वाळूतून जायला ती उत्तमच. पण दगडावरून नेणं हे एक काम आणि टक्कर झाल्यावर आतल्याला वाचवणं हे दुसरं काम.

दुसरी गोष्ट उंचीची. गाडी उंच, चाकं मोठी, त्यात ट्रेवर टूलबॉक्स, कॉम्प्रेसर, पाण्याची टाकी. सगळं वजन वर. लाल मुरमाच्या रस्त्यावर सुटी खडी असते, वळणावर मागचं चाक सरकतं, ड्रायव्हर घाबरून उलटं स्टिअरिंग मारतो आणि गाडी पलटी होते. समोर दुसरी गाडी लागतच नाही. इथे शहराबाहेर होणारे कितीतरी अपघात असे एकट्या गाडीचे असतात. सेफ वर्क ऑस्ट्रेलियाचा आकडा सांगतो: 2023 मध्ये या देशात 200 कामगार कामावर मेले आणि त्यातले 42 टक्के वाहनाच्या अपघातात. उंचावरून पडून किंवा यंत्रात सापडून मेले, त्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. आपण हार्नेसचं ट्रेनिंग दिवसभर घेतो आणि गाडीत मात्र एस.टी. पकडल्यासारखे चढतो.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपलाच आहे. ही गाडी ऑस्ट्रेलियात रुजली ती स्नोई माउंटन्सच्या धरणांच्या कामावर. 1949 ते 1974 ते काम चाललं. एक लाखाच्या वर माणसांनी तिथे काम केलं, तीसहून जास्त देशांतून आलेली, बहुतेक स्थलांतरित, युद्धानंतर युरोपातून निघालेली. लेस्ली थीस नावाच्या कंत्राटदाराने त्या डोंगरासाठी जपानहून लँडक्रूझर आणल्या. त्या कामावर 121 माणसं गेली. बोगद्यात गेली, तशी डोंगरातल्या रस्त्यांवरही गेली. आणि म्हणून 1960 च्या सुमारास त्या प्रकल्पाच्या प्राधिकरणाने आपल्या गाड्यांत सीटबेल्ट बसवले आणि ते लावणं सक्तीचं केलं. संपूर्ण राज्याला बेल्टची सक्ती करणारा कायदा व्हिक्टोरियात आला 1970 ला, जगातला पहिला. म्हणजे कायद्याच्या दहा वर्षं आधी बेल्ट सक्तीचा झाला तो परदेशातून आलेल्या मजुरांच्या गाड्यांत. ऑस्ट्रेलियन माणसाला मी हे सांगतो तेव्हा त्यालाही नवल वाटतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. कान देऊन ऐका, कारण इथेच आपली फसगत होते. "लँडक्रूझर आहे म्हणजे सेफ आहे" असं सुपरवायझर म्हणतो. माझा सवाल असतो, कुठली लँडक्रूझर? कुठल्या सालाची? कुठली बॉडी?

इथे ॲन्कॅप नावाची संस्था गाड्या आपटून बघते आणि तारे देते. मोठ्या खाण कंपन्यांनी नियम काढला की साइटवर पाच ताऱ्यांचीच गाडी चालेल. सत्तर सीरीजची पंचाईत झाली. मग 2016 मध्ये टोयोटाने सिंगल कॅब यूट सुधारली. चासी आणि बॉडी मजबूत केली, बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग दिल्या, ड्रायव्हरच्या गुडघ्याला एअरबॅग दिली, आणि त्या गाडीला पाच तारे मिळाले. फक्त सिंगल कॅबला. डबल कॅब, वॅगन आणि ट्रूपी यांना त्या पडदा एअरबॅग मिळाल्या नाहीत आणि ते पाच तारेही त्यांचे नव्हते. बाहेरून बघा, तोंड तेच, नाव तेच, किंमतही तशीच भरमसाट. दोन माणसं बसतात त्या गाडीला पडदा आणि पाच माणसं बसतात तिला नाही. आणि क्रू म्हणून आपल्याला नेतात ते कशातून? डबल कॅबमधून आणि ट्रूपीतून.

ताऱ्यांनाही मुदत असते. सहा वर्षांनी रेटिंग संपतं, कारण चाचण्या दर काही वर्षांनी कडक होत जातात. 2016 चे तारे आज धरता येत नाहीत. कोणी जुना कागद दाखवून "फाइव्ह स्टार आहे" म्हणाला, तर त्यावरचं साल बघा.

अजून एक गंमत सांगतो. 2022 च्या शेवटी या गाड्यांचं मंजूर एकूण वजन वाढवून 3510 किलो केलं. आपल्याला वाटतं, वा, जास्त माल नेता येईल. येतोच. पण साडेतीन टनांची रेषा ओलांडली की गाडी वेगळ्या वर्गात जाते, आणि हलक्या गाड्यांना बाजूने खांबावर आदळण्याचा जो नवा नियम लागू झाला होता तो तिला लागत नाही. दहा किलोंनी रेषा ओलांडली बघा. यात बेकायदा काही नाही, उघडपणे केलेलं आहे. पण आपण ज्या दारापाशी बसतो त्या दाराबद्दलचा हा नियम आहे, एवढं माहीत असू द्या. 2023 च्या अखेरीस नवा चेहरा आला. त्यात समोर काही आलं तर आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा आणि लेन सोडली की इशारा देणारी यंत्रणा आहे. चांगलं झालं. पण तुमच्या कॅम्पवरची गाडी त्या सालाची आहे का?

हे ऐकून घाबरून जाऊ नका. या गाडीशिवाय इथली निम्मी कामं होणार नाहीत, आणि जी नीट ठेवली आहे, नीट चालवली आहे ती गाडी वाईट नाही. माझं म्हणणं एवढंच की नावावर विसंबून बसू नका, आत काय आहे ते बघून बसा.

मग बघायचं काय? माझ्या हिशेबात पहिला नंबर स्टॅबिलिटी कंट्रोलचा. टोयोटावाले त्याला व्ही.एस.सी. म्हणतात. गाडी घसरायला लागली की कॉम्प्युटरला ते चाकांच्या वेगावरून आणि स्टिअरिंगवरून कळतं, आणि तो एखाद्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावून गाडी सरळ करतो. तुम्हाला कळायच्या आत. मी म्हटलं ना, खडीवर घसरून पलटी होते, तिथे जीव वाचवणारी गोष्ट ही आहे. एअरबॅग अपघात झाल्यावर कामाला येते, ही अपघातच टाळते. सत्तर सीरीजला ती 2016 च्या सुधारणेत आली. त्याच्या आधीची गाडी असेल तर ती नाही असं धरून वेग कमी ठेवा. आणि असेल तर एक सवय मोडा. वाळूत गाडी रुतली की बटण दाबून व्ही.एस.सी. बंद करतात, ते बरोबर आहे, वाळूत चाकं फिरू द्यावी लागतात. पण डांबरीवर आल्यावर ते परत चालू करायचं राहून जातं. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र दिसत असेल तर ते "बंद" म्हणतंय. फोर व्हील ड्राइव्हचंही तसंच. या गाडीत कोरड्या डांबरीवर एच-फोर लावून चालायचं नाही, पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि वळताना गाडी ऐकत नाही. टायरची हवाही. वाळूसाठी कमी केली असेल तर रस्त्यावर येताच परत भरा, नाहीतर ताशी 100 ला टायर तापून फुटतो.

दुसरा नंबर पट्ट्याचा. मागच्या सीटवर बसणारे हसतात, पुढच्यालाच लागतो म्हणतात. 4 सप्टेंबर 2022 आठवा. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. मर्सिडीज गाडी, एअरबॅग भरपूर, आणि ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष आणि आपण, भौतिकशास्त्राला फरक माहीत नाही. आणि मागचा बिनपट्ट्याचा माणूस पुढच्याच्या पाठीवर येतो, म्हणजे तो दोघांना मारतो.

गावाकडे आपण वडापच्या जीपमध्ये चौदा-चौदा जण बसून आलोय, दोन जण मागच्या पायरीवर लटकून. ती सवय इथे सोबत आणू नका आणि दुसऱ्यालाही आणू देऊ नका. जुन्या ट्रूपीत मागे समोरासमोर बाकं असतात, अगदी वडापसारखी, आणि पट्टा असला तर फक्त कमरेचा. तशा बाकावर बसवून लांब हायवेला नेत असतील तर आधी विचारा, दुसरी गाडी नाही का. ट्रेवर माणसं बसवणं तर रस्त्यावर सरळ बेकायदा आहे. द्राक्षाच्या मळ्यात, संत्र्याच्या बागेत "इथून तिथेच जायचंय" म्हणून बसवतात. बसू नका.

पट्टा लावताना खालचा भाग पोटावर नाही, कमरेच्या हाडावर. टूल पाउच काढून बसा, नाहीतर धक्क्यात स्क्रूड्रायव्हर पट्ट्याखाली पोटात जातो. ड्रायव्हरने स्टिअरिंगपासून छाती निदान 25 सेंटीमीटर मागे ठेवावी, एअरबॅग ठोसा मारल्यासारखी उघडते.

बाकीचं भराभर सांगतो. वॅगनमध्ये किंवा ट्रूपीत मागे सामान असेल तर माणसं आणि सामान यांच्यामध्ये लोखंडी जाळी हवी. गाडी थांबते, ग्राइंडर थांबत नाही. बुलबार एअरबॅगला चालणारा हवा, गावठी वेल्डिंग करून जाड पाइप बसवला तर एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं. आपल्यात चांगले वेल्डर आहेत, म्हणून मुद्दाम सांगतोय. जिथे पडदा एअरबॅग आहे तिथे वरच्या दांडीला हँगर, हेल्मेट अडकवू नका. कॅम्पवर वापरायला जुनी गाडी घेणार असाल तर टकाटा एअरबॅग बदलली आहे का ते नंबरावरून तपासा. सरकारने 2018 मध्ये सक्तीने परत बोलवायला लावल्या होत्या, तीस लाखांच्या आसपास गाड्या आणि चाळीस लाखांच्या आसपास एअरबॅग. फुटताना धातूचे तुकडे तोंडावर मारायच्या. स्नॉर्केल आहे म्हणून पुराच्या पाण्यात गाडी घालू नका. स्नॉर्केल इंजिनाला श्वास देतं, तुम्हाला नाही. वाहतं पाणी ही गाडी सहज उचलतं.

आता हक्काचं. इथे आपण सगळे गप्प होतो, कारण डोक्यात एकच असतं, व्हिसा.

ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत वर्क हेल्थ अँड सेफ्टीचा एकसारखा कायदा आहे. मूळ नमुना 2011 चा. पश्चिम ऑस्ट्रेलियात तो 31 मार्च 2022 पासून लागू झाला आणि तिथे खाणींनाही लागतो. या कायद्यात कामाची जागा म्हणजे गाडीसुद्धा. त्याचं कलम 84 सांगतं की तुमच्या जिवाला गंभीर धोका आहे, आत्ता किंवा लगेच, अशी रास्त भीती असेल तर तुम्ही ते काम थांबवू शकता. बेल्टचं कुलूप बसत नाही, टायरची तार दिसते, ब्रेकचं पेडल तळाला जातं, ट्रेवर वजन जास्त आहे, ही रास्त भीती आहे. "मला ही गाडी आवडत नाही" ही नाही. आणि "गाडी जुनी आहे" एवढ्यावरही थांबवता येणार नाही, त्यासाठी लेखी तक्रार करून बदल मागावा लागतो. फरक लक्षात ठेवा. व्हिक्टोरियाचा कायदा वेगळा आहे, 2004 चा. तिथे आधी साइटच्या हेल्थ अँड सेफ्टी रिप्रेझेंटेटिव्हला गाठा, काम थांबवायला सांगायचा अधिकार त्याला आहे.

काम थांबवलं की दोन गोष्टी करायच्याच. लगेच सुपरवायझरला कळवायचं, आणि दुसरं योग्य काम दिलं तर ते करायला हजर राहायचं. खोलीवर जाऊन झोपायचं नाही, तिथेच आपली बाजू पडते. शब्दही जपून वापरा. "नो, आय वोन्ट गो" म्हणू नका. म्हणा, "आय ॲम नॉट रिफ्युझिंग वर्क. आय ॲम रिपोर्टिंग अ हॅझर्ड. प्लीज गिव्ह मी अदर वर्क." आणि हेच फोनवर मेसेज करून ठेवा, सोबत टायरचा किंवा बेल्टचा फोटो. प्री-स्टार्टच्या वहीत ओढून-ताणून बरोबरच्या खुणा करत बसू नका. मोडकं असेल तिथे मोडकं लिहा. उद्या काही झालं तर ती वही पहिली उघडतात, आणि खाली सही तुमची असते.

व्हिसाचं म्हणाल तर 1 जुलै 2024 पासून कायदा बदलला आहे. व्हिसाची भीती घालून कामगाराला चुकीचं काम करायला लावणं, गप्प बसवणं हा आता मालकाचा गुन्हा आहे. 482 व्हिसावर नोकरी सुटली तर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी 180 दिवस मिळतात, पूर्वी 60 होते. आणि ज्याचं शोषण झालंय त्याने लढण्यासाठी इथे थांबता यावं म्हणून वर्कप्लेस जस्टिस व्हिसा प्रायोगिक म्हणून सुरू केला. तुमच्या प्रकरणात तो बसतो का ते युनियनला किंवा मोफत कायदा केंद्राला विचारा, गावच्या एजंटाला नाही. एजंटाचा धंदा आपण गप्प राहण्यावर चालतो.

आता प्रश्न.

एका भावाने विचारलं, कांगारू आडवा आला, यूट ठोकली, आता कंपनी पगारातून पैसे कापणार म्हणते. साधारणपणे तुमच्या लेखी संमतीशिवाय कापता येत नाही, आणि संमती घेतली तरी ती कपात मुख्यतः तुमच्या फायद्याची असावी लागते. मालकाचा बुलबार दुरुस्त होणं हा तुमचा फायदा नाही. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. फेअर वर्क ओम्बड्समनला 13 13 94 वर फोन करा. इंग्रजी अडत असेल तर आधी 131 450 वर दुभाषा मागा, मराठी म्हणून सांगा, त्या वेळी मराठी नसला तर हिंदी. आणि कांगारूसाठी गाडी वळवू नका रे, सरळ रेषेत ब्रेक मारा. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते रस्त्यावर जास्त असतात, म्हणजे नेमकी आपली जायची-यायची वेळ.

दुसरा प्रश्न, चूक माझीच असेल तर औषधपाणी कोण करणार? कामावर असताना लागलं तर वर्कर्स कॉम्पेन्सेशन मिळतं, आणि साधारणपणे चूक कोणाची हे त्यात बघत नाहीत. तात्पुरता व्हिसा आहे म्हणून नाही मिळत, हे खोटं आहे. दवाखान्यात "घरी पडलो" असं सांगायला लावतात, तसं सांगू नका. एकदा केस पेपरवर लिहिलं गेलं की बदलताना नाकी नऊ येतात.

तिसरा प्रश्न एका ताईंचा, त्यांचे मिस्टर पिलबरात एकटे गाडी घेऊन जातात, फोनला रेंज नसते. ताई, त्यांना कंपनीकडे सॅटेलाइट फोन आणि पी.एल.बी. मागायला सांगा. पी.एल.बी. म्हणजे हाताएवढं यंत्र, कळ दाबली की उपग्रहातून बचाव पथकाला जागा कळते. त्याची नोंदणी ऑस्ट्रेलियन मॅरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे फुकट होते, आणि त्यात संपर्काला तुमचा नंबर टाका, गावचा नको. गाडीत यू.एच.एफ. रेडिओ असतो, हायवेवर ट्रकवाले चाळीस नंबरवर बोलतात. समोरून रोड ट्रेन येत असेल, 53.5 मीटरपर्यंत लांब असते ती, तर धुळीत ओव्हरटेक करायचं नाही, रेडिओवर विचारायचं. निघताना कुठल्या रस्त्याने आणि किती वाजेपर्यंत, हे कोणाला तरी सांगून निघायचं, आणि वेळ टळली तर त्या माणसाने काय करायचं हेही ठरवून ठेवायचं. गाडी बंद पडली तर पाणी शोधायला चालत निघायचं नाही, गाडीजवळच थांबायचं, विमानातून माणूस दिसत नाही.

प्री-स्टार्टचा तक्ता मराठीत लिहून मागच्या टेबलावर ठेवलाय. दोन्ही बाजूंचा फोटो काढून घ्या, आणि ज्याच्या कॅम्पवर नवीन पोरं आली असतील त्याने त्यांच्यासाठीही घ्या.